मेट्रनच्या नावाखालची पट्टी

बातम्यांच्या वाहिनीवर रोज संध्याकाळी चर्चा रंगायची. पडद्यावर पाहुण्यांच्या नावाखाली जी पट्टी येते, ती टाकायचं काम एका मुलीकडे होतं. कंट्रोल रूममध्ये तिला सगळे पट्टीवालीच म्हणत. पाहुणा कोण ते प्रोड्युसर सांगायचा, ती टाइप करून बटण दाबायची. एका कडेला डावे विचारवंत, दुसऱ्या कडेला उद्योजकांचे प्रवक्ते आणि मधल्या खुर्चीत कुणीतरी मध्यममार्गी. ही मधली खुर्ची भरताना प्रोड्युसरच्या नाकीनऊ यायचे.

त्या दिवशी विषय होता रुग्णवाहिका चालकांच्या संपाचा, आणि मधल्या खुर्चीतल्या प्राध्यापकांचा घसा ऐन वेळी बसला.

"तुझी आई नर्स होती ना?" प्रोड्युसरने विचारलं.

"मेट्रन होती."

"मग बोलाव तिला. कुठल्या बाजूची बिजूची नाही ना?"

पट्टीवालीला हसू आलं. आई कुणाला मत देते हे बाबांनाही शेवटपर्यंत कळलं नव्हतं. एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना ठाऊक होती. 'अतिडावे' हा शब्द आईसमोर काढायचा नाही. आई नवी नवी नर्स असताना गावाबाहेरच्या काच कारखान्यात संप झाला होता. एका संध्याकाळी संपातल्या अतिडाव्यांनी फाटक पेटवलं. आतला पहारेकरी केबिनमध्ये होरपळला. त्याच गोंधळात आईच्या मोठ्या भावाचा, म्हणजे पट्टीवालीच्या मामाचा, डावा डोळा गेला. तो बिचारा भाजी घेऊन घरी चालला होता. दोघांनाही आईच्याच वॉर्डात आणलं. पहारेकरी तिच्या देखत गेला. तेव्हापासून तो शब्द ती एखाद्या साथीच्या रोगाचं नाव घ्यावं तसा उच्चारायची.

मेट्रन वेळेआधीच येऊन बसली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी कपड्यांची इस्त्री आणि आवाजातली जरब तशीच होती. मेकअपवालीने पावडर लावायला हात पुढे केला, तेव्हा मेट्रनने आधी तिला तो धुवायला पाठवलं.

चर्चा सुरू झाली. पट्टीवालीने लिहिलं : 'माजी मेट्रन, मध्यममार्गी'.

सुरुवात छान झाली. मेट्रन म्हणाली, "माणूस मरायला टेकलाय आणि गाडी बंद, हे मला मान्य नाही. रुग्णसेवेत संपाला बंदीच हवी." उद्योजकांच्या प्रवक्त्यांनी मान डोलावली. मग ती म्हणाली, "पण दिवसरात्र गाडी हाकणारा माणूस डुलक्या घेतो आणि रुग्णालाच घेऊन खांबावर आदळतो, तेही मी पाहिलंय. पाळ्या लावा. सगळ्या रुग्णवाहिका सरकारने चालवाव्यात. आणि अपघाताचा रुग्ण दारात आला की आधी पैसे भरा म्हणणाऱ्या इस्पितळाला टाळं ठोका."

"म्हणजे खासगी धंदाच बंद करायचा?" निवेदिकेने विचारलं.

"अपघातातल्या माणसावर धंदा? हो, बंद करायचा."

प्रवक्ते खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, ही तर अतिडाव्यांची भाषा झाली!"

कंट्रोल रूममध्ये प्रोड्युसरने टाळी वाजवली. "आता रंगलं! पट्टी बदल. अतिडाव्या."

पट्टीवालीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "सर, माझी आई आहे ती."

"मग नाव तरी बिनचूक लिहिशील. टाक लवकर, ब्रेक येतोय."

तिने टाइप केलं. बोटं सवयीने चालली, बटणही दाबलं गेलं. मग पडद्यावर तिला तिची आई दिसली, आणि तिच्याखाली तो शब्द.

स्टुडिओत पाहुण्यांसमोर मोठा पडदा असतो. मेट्रन पुढचं वाक्य बोलत होती. "आम्ही वॉर्डात कधी विचारलं नाही की..." आणि तिची नजर पडद्यावर गेली. ती थांबली. तोंड तसंच उघडं. निवेदिकेने दोनदा हाक मारली. मेट्रन पट्टी वाचत होती, पुन्हा पुन्हा, जणू चुकीच्या रुग्णाच्या खाटेवर आपल्या नावाचा तक्ता अडकवलेला दिसावा.

चर्चा संपल्यावर बाहेर पार्किंगमध्ये तिने एकच विचारलं. "ते कोणी लिहिलं?"

"मी," लेक म्हणाली. "आई, मला सांगितलं म्हणून..."

"तू?" मेट्रनने तिच्याकडे असं पाहिलं की पट्टीवालीला वाटलं, त्यापेक्षा हिने थोबाडीत मारली असती तर बरं. "दादा बघत असेल," एवढंच म्हणून ती गाडीत बसली.

सकाळपर्यंत तो तुकडा सगळ्यांच्या फोनवर फिरला होता. मथळा होता : 'अतिडाव्या मेट्रनची बोलती बंद!' जिन्यात भेटलेल्या शेजारणीने अंग चोरून भिंतीकडेने वाट काढली. औषधाच्या दुकानदाराने सुट्टे देताना आवाज खाली आणत विचारलं, "बाई, तुम्हीसुद्धा?" सर्वांत कहर म्हणजे दोन तरुण फुलं घेऊन दारात आले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही आमच्याच." मेट्रनने त्यांच्या तोंडावर दार लावलं आणि तिथेच चपलांच्या स्टुलावर मटकन बसली.

मग तिने लेकीकडून नंबर घेऊन प्रोड्युसरला फोन लावला. "मला फक्त एवढं सांगा. मध्यममार्गी म्हणजे कोण?"

तो माणूस निदान खोटं बोलला नाही. "मॅडम, दोन्हीकडच्यांना थोडं थोडं बरोबर म्हणतो तो."

"आणि अतिडावा?"

"ज्याच्या बोलण्यावर समोरचा खुर्चीतून उठतो. मनावर घेऊ नका, आठवड्याने कुणाच्या लक्षातही राहणार नाही."

मेट्रनने फोन ठेवला. "चल," ती लेकीला म्हणाली, "दादाकडे जाऊ. त्याच्या पाया पडून सांगते की मी तशी नाही."

मामा घरीच होता. काळा चष्मा लावून खिडकीपाशी बसला होता. मामीने पाणी आणलं. मेट्रन पाण्याला हातही न लावता बोलत सुटली. "दादा, शपथेवर सांगते, माझं मी बोलले, लिहिलं त्या लोकांनी. ज्यांनी तुझा डोळा घेतला, त्या माणसाला जिवंत जाळलं, त्यांच्यातली होईन का मी? कुणीतरी मला त्यांच्यात बसवतं म्हणजे काय! शिसारी येते रे."

मामा चष्म्याची काडी चाचपत राहिला.

"त्यांच्यातली, त्यांच्यातली!" मामी एकदम उसळली. पेला टेबलावर आपटला गेला. "काल रात्रीपासून हे जेवले नाहीत. त्यांच्यातले म्हणजे कुणातले, वन्सं? यांच्यातलेच ना!"

पट्टीवालीला आधी वाटलं, मामी रागात काहीतरी बरळली. पण मामाने मामीला गप्प केलं नाही.

"दादा?"

"भाजीची पिशवी नव्हती," मामा म्हणाला. "बाटल्या होत्या. रॉकेलच्या. एक हातातच फुटली."

मेट्रन उठून उभी राहिली. कशासाठी, हे तिलाही कळलं नसावं.

"काय मागत होतात तुम्ही?" पट्टीवालीने विचारलं. आईला विचारता येत नव्हतं म्हणून तिने विचारलं.

"आठवड्याची एक सुट्टी. आठ तासांची पाळी. आणि भट्टीवर भाजलेल्या माणसासाठी कारखान्याची एक गाडी, इस्पितळात न्यायला." तो बहिणीकडे बघत होता. "काल तू जे बोललीस, साधारण तेच. तेव्हा एवढं मागितलं की अतिडावा म्हणायचे. पुढे ते सगळं कारखान्याने मान्य केलं. आता तेच तू इस्त्रीचे कपडे घालून टीव्हीवर बोलतेस."

"म्हणजे मी तुझ्यासारखी?" मेट्रनचा आवाज चिरकला.

"नाही." मामाने चष्मा काढला. आतला डोळा पांढरट, बुजलेला. "मागण्यांमुळे आम्ही अतिडावे नव्हतोच गं. मागणारे शेकड्यांनी होते, ते फाटकासमोर नुसते बसून राहिले. आम्ही पाच-सहा जण वेगळे. पेटवायच्या आधी एकजण म्हणाला, केबिनमध्ये दिवा दिसतोय, आत कुणीतरी आहे." तो थांबला. "मी म्हणालो, असू दे."

"तू म्हणालास?"

"मीच म्हणालो."

इतकी मरणं पाहिलेली बाई, पण पट्टीवालीने तिचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. "त्याच्या शेजारच्या खाटेवर होतास तू," मेट्रन म्हणाली. "त्याची जखम पुसून मी तुझ्याकडे यायचे. तुला भरवायचे. आणि तू मला विचारायचास, तो कसा आहे."

"मला खरंच कळायला हवं होतं."

"बोलू नकोस," मेट्रन म्हणाली आणि चपला हातात घेऊन अनवाणीच जिना उतरली.

त्यानंतर तिने भावाचं नाव काढलं नाही. रोजचं सगळं करायची, पण मध्येच हात थांबायचा आणि दूध उतू जायचं. एकदा लेकीला म्हणाली, "मी त्यांचा द्वेष केला, तो त्या पहारेकऱ्यासाठी की दादासाठी, तेच आता कळेना झालंय."

पट्टीवालीने कामावर ठरवून टाकलं की पट्टीत फक्त माणसाचं काम लिहायचं. वकील, शेतकरी, माजी मेट्रन. प्रोड्युसरने दोन दिवस चालवून घेतलं आणि मग तिची रवानगी हवामानाच्या बातम्यांवर केली. तिथे ती खूश आहे असं ती सांगते. पण चर्चेची वेळ झाली की अजूनही उठून पाणी प्यायला जाते.

महिना उलटल्यावर एका दुपारी मेट्रनने न सांगता बाहेरचे कपडे घातले. लेक बरोबर गेली. मामीने दार उघडलं आणि बाजूला झाली.

मेट्रन भावासमोर खुर्ची ओढून बसली. हात जोडले नाहीत, रडली नाही. "तो कसा आहे, असं तू विचारायचास," ती म्हणाली. "मी 'बरा आहे' म्हणायचे, तुला ताप होता म्हणून. आता खरं ऐक."

आणि तिने सुरुवातीपासून सांगितलं. पहारेकऱ्याला आणलं तेव्हा कपडे कातडीला कसे चिकटले होते. पाणी मागायचा, पण गिळता येत नसे. शुद्धीत आला की फाटक लावलं का म्हणून विचारायचा. त्याची बायको दारापाशी आली, तिला नवरा ओळखू आला नाही आणि ती दुसऱ्याच खाटेकडे गेली. काहीही गाळलं नाही. वॉर्डातला अहवाल द्यावा तशा सरळ आवाजात ती बोलत होती. मामा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता. त्याने एकदाही तिला थांब म्हटलं नाही.

संपल्यावर तो म्हणाला, "पुन्हा येशील?"

"माहीत नाही," मेट्रन म्हणाली.

पुढचा आठवडा ती गेली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात गेली.