भरायचा बोल्ट आधी

कल्पना करा मुलांनो, तुम्ही गाडी चालवताय आणि तुमच्या डाव्या पायाला काहीच काम नाही. उजवा पाय बिचारा कधी ब्रेकवर तर कधी अ‍ॅक्सिलरेटरवर राबतोय, आणि डावा आपला पाहुण्यासारखा बसून आहे. पुष्कळ गाड्यांत त्याला क्लच दाबायचं काम असतं. पण काही गाड्यांना क्लचचं पेडलच नसतं. त्यांचे गिअर त्या स्वतःच बदलतात.

आता आणखी थोडी कल्पना करा. तुमचा डावा पाय लहानपणापासून पट्ट्यांच्या उंच बुटात अडकवलेला आहे. तुम्ही कुठेही जायचं म्हटलं, की घरातलं कोणीतरी उसासा टाकून सोबत यायला चपला शोधू लागतं. अशा माणसाच्या दारात दोन पेडलांची गाडी आली, तर त्याला काय वाटेल?

चौकशीच्या मावशीला वाटलं, आता कोणाला चपला शोधायला नकोत.

चौकशी हे काही त्या मुलीचं खरं नाव नव्हे. प्रश्न विचारून विचारून तिने घरादाराला भंडावून सोडलं होतं, म्हणून ते पडलं. ती, तिची मावशी आणि मामा एकाच घरात राहत. मावशी शिलाई मशिनं दुरुस्त करायची. सकाळी कपड्यांच्या कारखान्यात, दुपारी लोकांच्या घरी. हत्यारांची पेटी अशी जड, की धडधाकट माणसानेही ती दोनदा खाली ठेवावी. गाडी जुनीच घेतलेली. तिच्या टपाचा रंग उडाला होता आणि मागचा एक दरवाजा फक्त आतून उघडायचा. तरी मावशी तिला कधी ‘खटारा’ म्हणू द्यायची नाही.

मग गाडी धक्के देऊ लागली. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना अशी दचके, की चौकशीचे दातावर दात आपटत. चढावर इंजिन नुसतं ओरडे आणि गाडी विचारात पडे. एकदा तर पुलावर मधोमध अडली. मागून ट्रक भोंगे वाजवत होते आणि मामा शेजारी बसून पांढराफटक पडला होता. त्या दिवसापासून त्याने गाडीची दुसरी चावी स्वतःच्या खिशात ठेवायला सुरुवात केली.

ते गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेले. मिस्त्रीने एक चक्कर मारली, हात पुसले आणि मामाकडे बघून म्हणाला, “साहेब, गिअरबॉक्स जायला आलाय. विकून मोकळे व्हा.”

“गाडी माझी आहे,” मावशी म्हणाली. “माझ्याकडे बघून सांगा. गिअरबॉक्समधलं तेल बदललं तर?”

“ताई, त्या तेलाला हात लावायचा नसतो. ते लाइफटाइम तेल असतं. कंपनीनेच भरून दिलेलं.”

“कोणाचं लाइफटाइम?” चौकशीने विचारलं.

“म्हणजे?”

“तेलाचं, गाडीचं की कंपनीचं?”

मिस्त्री हसला. माणूस वाईट नव्हता. “बाळ, मागे एकाने हट्टाने तेल बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स बसला आणि शिव्या मी खाल्ल्या. जुन्या गाडीचं जुनं तेल काढलं की गाडी बसते. मी नाही करणार.”

“त्याचा गिअरबॉक्स आधीच बसलेला असेल,” मावशी म्हणाली. “तुम्ही फक्त त्याला शेवटचे भेटलात.”

घरी आल्यावर मामाने सांगून टाकलं, रविवारी दुपारी एक गिऱ्हाईक गाडी बघायला येतंय.

“कोणाला विचारून बोलावलंस, दादा?”

“तुझ्या काळजीने बोलावलं.”

“बरं. मग रविवारी सकाळी मी तेल बदलते.”

“आणि बसली म्हणजे?”

“बसली तर माझ्या हातून बसेल. बिनतेलाचं मशिन मी पाहिलंय, जळक्या तेलाचं पाहिलंय. पण तेल बदलल्यामुळे रुसलेलं एकही नाही पाहिलं.”

रविवारी सकाळी दोघी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत उतरल्या. मावशीने गाडीच्या पुस्तकात बघून नेमकं त्याच जातीचं तेल आणलं होतं. इंजिनाचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, त्यात अदलाबदल चालत नाही. तिने गाडीचं तोंड जॅकने उचललं, खाली दोन भक्कम लोखंडी घोड्या लावल्या, मग गाडीला धक्के मारून पाहिले. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधी जायचं नाही, ध्यानात ठेवा. जॅकला आपली माया नसते.

पुठ्ठा अंथरून, पट्ट्यांचा बूट काढून बाजूला ठेवून मावशी गाडीखाली सरकली. चौकशी बॉनेट उघडून वरच्या बाजूला उभी राहिली.

“खालचा बोल्ट दिसला,” खालून आवाज आला. “हा तेल काढायचा. सैल वाटतोय, सहज निघेल. तू आता वरचा उघड, भरायचा. काळ्या नळीच्या मागे, चौकोनी खाच असलेला.”

चौकशीने पाना बसवला आणि ओढला. मग लोंबकळली. बोल्ट ढिम्म.

“निघत नाही! मावशी, तू खालचा काढ ना तोवर.”

“नाही.”

“का? तो तर सहज निघतोय.”

“म्हणूनच नाही. समज, खालून सगळं तेल काढलं आणि मग वरचा बोल्ट निघालाच नाही. काय भरशील, कुठून भरशील? गाडी रिकामी, आणि ती जागची हलवायचीही नाही. सोपं ते आधी करायचं नसतं, चौकशे. आधी भरायची वाट उघडायची, मग रिकामं करायचं.”

तेवढ्यात मामा चहाचा कप घेऊन खाली आला. अडलेला बोल्ट पाहून त्याचा चेहरा खुलला.

“बघ, गाडीलाच नकोय. कशाला हट्ट करतेस? मी आहे ना. जिथे जायचं तिथे मी सोडेन.”

चौकशीने पाना खाली ठेवला.

“मामा, तू भरायचा बोल्ट उघडलास का?”

“कसला बोल्ट?”

“मावशीची गाडी काढून घ्यायच्या आधी. ती सकाळी सातला कारखान्यात असते. तू सातला कुठे असतोस?”

“अंथरुणात,” गाडीखालून मावशी म्हणाली.

“उठेन मी!”

“आणि दुपारी पुलापलीकडे जायचं असलं की? तुझं ऑफिस तुला सोडेल? आणि पेटी कोण वाहील? आणि तिला मैत्रिणीकडे उगाचच जावंसं वाटलं तर?”

“मोठ्यांच्या मध्ये बोलू नये.”

“मी मध्ये कुठे आहे? मी तर वर आहे.”

मामाने चहाचा घोट घेतला, पण तो गरम होता आणि त्याला ठसका लागला. मावशी गाडीखालून अर्धी बाहेर आली. कपाळावर काळा पट्टा, केसात पुठ्ठ्याचा तुकडा.

“दादा, लहानपणी तू मला पाठुंगळीला घेऊन शाळेत पोचवायचास. ते मी विसरले नाही. पण तेव्हा शाळा सुटल्यावर तू येईपर्यंत मी पायरीवर बसून असायचे. सगळी मुलं जायची, मी बसून. पुन्हा त्या पायरीवर बसायचं नाही मला.”

“पुलावर काय झालं ते पाहिलंस ना तू? भीती वाटते मला.”

“वाटू दे. पण तुझ्या भीतीचं भाडं मी का भरू?”

एवढं बोलून ती पुन्हा गाडीखाली गेली. “चौकशे, पेटीतली लाल नळकांडी घे. गंज सोडवायचं तेल आहे. बोल्टाच्या कडेने सोड आणि त्याला जरा दम खाऊ दे.”

दोघी थांबल्या. मामाही थांबला, चहा निवत होता तरी.

“आता पान्यावर तो लांब पाइप चढव. आणि आधी किंचित आवळ.”

“आवळू? उघडायचाय ना?”

“हट्टी स्क्रू मी असेच काढते. त्याला वाटतं त्याच्याच बाजूने चाललोय, पकड सोडतो. मग उलटा फिरव.”

चौकशीने किंचित आवळलं. मग श्वास रोखून, पाय रोवून पाइप उलटा दाबला. कटकन आवाज झाला. तिला वाटलं, मोडला. पण बोल्ट फिरला होता.

“निघाला! मामा, निघाला!”

“ऐकू आलं,” मामा म्हणाला.

मग खालचा बोल्ट निघाला आणि तेल डब्यात पडू लागलं. नवं तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. हे मात्र काजळासारखं होतं, आणि वास करपलेल्या पातेल्याचा. बोल्टाच्या टोकाला लोहचुंबक होतं, त्याला राखाडी मेणासारखा लेप चिकटलेला. मावशीने तो बोटांत चोळला. “नुसती भुकटी. धातूचा तुकडा एकही नाही. अजून जीव आहे हिच्यात.”

बोल्ट पुसून परत बसवला. जेवढं जुनं निघालं, मापून तेवढंच नवं, नरसाळ्याने वरून भरलं. गाडी खाली उतरवली. मावशीने इंजिन चालू केलं, ब्रेक दाबून धरला आणि गिअरचा दांडा सावकाश एकेका जागी नेला, म्हणजे तेल सगळीकडे पोचावं. इंजिन तापल्यावर पट्टीने तेलाची पातळी पाहिली. बरोबर खुणेवर.

“आता बरी झाली?” चौकशीने विचारलं.

“अर्धी. एका खेपेत जेमतेम अर्धं तेल निघतं, बाकीचं आतल्या सांदीकोपऱ्यात राहतं. थोडे दिवस चालवायची, पुन्हा बदलायचं. मग आणखी एकदा.”

दुपारी गिऱ्हाईक आलं. पोट सुटलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. डब्यातलं काळं तेल बघून तो मागे सरला.

“तेल बदललंत? अहो, मग बसणार ही.”

“तुम्हीही बसा,” मावशीने पुढचा दरवाजा उघडला. “चढावर जाऊ.”

मामा आणि चौकशी मागे बसले. गाडी निघाली. दुसऱ्या गिअरला हलकासा हिसका बसला. खोटं कशाला सांगू, हिसका बसला. पण दातावर दात आपटले नाहीत. चढ आला. मामाने समोरच्या सीटची पाठ घट्ट धरली. इंजिनाचा आवाज चढला, गाडीने क्षणभर विचार केला, आणि ती वर गेली.

परत आल्यावर गिऱ्हाईक खाली उतरून म्हणालं, “घेतो मी. आजच घेतो.”

मामाने सवयीने खिशात हात घातला.

“विकायची नाही,” मावशी म्हणाली.

“मग बोलावलंत कशाला?”

“मी नाही बोलावलं.”

गिऱ्हाईक पुटपुटत निघून गेलं. मामा तसाच उभा, हात खिशात. आत दुसरी चावी होती, हे तिघांनाही माहीत होतं.

“पुन्हा अडली तर?” तो हळूच म्हणाला.

“अडली तर मी ढकलेन, तूही ढकल,” मावशी म्हणाली, आणि पट्ट्यांचा बूट नीट आवळू लागली.

चौकशी मामासमोर जाऊन उभी राहिली. तिचा तळहात मनगटापर्यंत काळा होता. तो तिने पुसला नाही. तो उघडा पंजा तिने मामाच्या पुढे धरला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिने काहीएक विचारलं नाही.