खुणेचे मासे

आमच्या लेकीने मोठ्या विद्यापीठात जो विषय घेतला, त्याचं नाव मला आजही एका दमात घेता येत नाही. नैसर्गिक संसाधन संवर्धन. कोणी विचारलं की मी सांगायचे, पाणी, माती, झाडं, मासे कसे टिकवायचे ते शिकते. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "मासे टिकवायला बर्फ लागतो, त्याला विद्यापीठ कशाला?" मीही हसायचे. मासे विकण्यात माझा जन्म गेला, बर्फाचं मला कोणी सांगायला नको.

आमचे हे तळ्यात जाळं टाकतात. टाकायचे, असं म्हणायला हवं, पण जीभ अजून वळत नाही.

शेवटच्या वर्षी तिच्या मॅडमनी तिला आमच्याच तळ्याचं काम दिलं. मासे कमी होत चाललेत हे सगळ्यांनाच दिसत होतं. उरलेत किती, ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मत्स्य खात्याने ते विद्यापीठाकडून मोजून मागितलं होतं. मी म्हटलं, "पाण्यातले मासे मोजणार कसे? हजेरी घेणार आहेस का?" तिने माझा बटणांचा डबा ओढला. मूठभर पांढरी बटणं काढून तेवढीच लाल टाकली, डबा खळखळून हलवला आणि मला डोळे मिटून एक मूठ काढायला लावली.

"मुठीत लाल थोडी आली, तर डब्यात बटणं खूप आहेत. लालच लाल आली, तर डबा रिकामा होत आलाय. पण मूठ न बघता घालायची, आई. निवडून काढायची नाही."

मला लगेच पटलं. हे तेव्हा बाहेर भोंगा भावोजींबरोबर जाळं सांधत बसले होते. भावोजींचं खरं नाव वेगळं, पण ते कानात बोलले तरी तळ्यापलीकडे ऐकू जायचं.

मग तिने मासे पकडवून त्यांच्या पाठीवरच्या पराजवळ बारीक पिवळी पट्टी अडकवली आणि लव्हाळ्याच्या बाजूला त्यांना सोडून दिलं. बाबांना म्हणाली, "थोडे दिवस जाऊ देऊ. मग धक्क्यावर मी प्रत्येक टोपलीतले मासे मोजणार. पट्टीचे किती, बिनपट्टीचे किती. तुम्ही सगळे नेहमीसारखं जाळं टाका."

यांनी मान हलवली. आमच्या यांची मान हलणं म्हणजे ऐकलं असं नव्हे, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पोरगी नवी होती.

यांच्या डोक्यात एवढंच शिरलं, की पोरीने इतके मासे सोडलेत, ते परत मिळाले नाहीत तर मार्क कापतील. हाताळलेला मासा घाबरून लव्हाळ्यातच दबून राहतो, खोल पाण्यात जात नाही, हे यांना माहीत. भावोजींना हाताशी धरून यांनी सगळ्या होड्यांना सांगितलं, पोरीच्या परीक्षेचा प्रश्न आहे, जाळी लव्हाळ्यातच टाकायची. आणि तिला कळू द्यायचं नाही, उगीच लाजेल. उभ्या आयुष्यात भोंगा भावोजींच्या पोटात एवढी एकच गोष्ट राहिली. मी सकाळी बाजारात, मला पत्ताच नाही.

टोपल्या येत गेल्या. जिकडे बघावं तिकडे पिवळ्या पट्ट्या. लेकीचा चेहरा रोज उतरत गेला. ताट पुढ्यात ठेवलं तरी हात चालेना. तळं संपत आलंय, आई, म्हणाली आणि माझ्या खांद्यावर रडली. हे लांबून तो उतरलेला चेहरा बघायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी पट्ट्या आणायचे.

तिचं काम विद्यापीठात सगळ्यांसमोर मांडायचं होतं, तेव्हा आम्ही दोघं गेलो. एकेक इमारत एवढी, की तिचा विभाग विचारत विचारत आम्ही चार वेळा त्याच पायऱ्यांपाशी आलो. उतरत्या बाकांच्या दालनात मागे बसलो. पोरीने पडद्यावरच्या रेषा दाखवल्या आणि शेवटी सांगितलं, तळ्यातली मासेमारी तीन वर्षं पूर्ण बंद ठेवावी. टाळ्या वाजल्या आणि त्यात सगळ्यात मोठी टाळी यांची होती. बसमध्ये मी म्हटलं, "अहो, आपल्याच पोटावर पाय आला की." तर म्हणाले, "आपलं पोट बघून खोटं बोलली असती, तर शिकून काय उपयोग?"

बंदीचा हुकूम आला. कोणी भांडलंही नाही, कारण आकडा आपल्याच पोरीचा होता. होड्या काठावर पालथ्या झाल्या. हे गाड्यांच्या तळावर पहारेकरी म्हणून लागले. दिवसभर खुर्चीवर बसून यांचे पाय सुजायचे. भोंगा भावोजींनी वर्षभर कळ काढली, मग होडी फोडून लाकूड विकलं आणि जावयाच्या दारात राहायला निघाले. जाताना भेटायला आले. टेम्पो बाहेर उभा. हे कामावर होते. लेक पदवीदानाचा समारंभ आटोपून नुकतीच घरी आली होती.

"तुझ्या डिग्रीत आमचाही वाटा आहे बरं," भावोजी हसत म्हणाले. "तुझे सगळे पट्टीवाले लव्हाळ्यातून वेचून आणले आम्ही. दुसरीकडे जाळं टाकलंच नाही."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मला बटणांचा डबा आठवला, निवडून काढलेली मूठ. तिने ओढणीत तोंड लपवलं. भावोजींना वाटलं, पोरीला भरून आलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते टेम्पोत चढले.

संध्याकाळी हे आले, तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं. मी खुणेने नको नको म्हणत होते. माझी लेक ऐकणाऱ्यातली नाही.

"म्हणजे तळ्यात मासे आहेत?" यांनी विचारलं. किती दिवसांनी चेहरा उजळला होता.

"असतील, बाबा. किती ते आता कोणालाच माहीत नाही."

"आहेत," हे म्हणाले. "मग भोंगा का गेला?"



लेकीने मॅडमना सगळं कळवलं. पदवी चौकशीत अडकली, ठरलेली नोकरी गेली. पण मॅडमनी खात्याच्या मागे लागून पुन्हा मोजणीची परवानगी आणली. नव्या पट्ट्या लावल्या, नवे मासे सोडले. जाळं टाकायला मात्र धक्क्यावर जुना माणूस एकच उरला होता, बाकीचे पोटामागे पांगले होते. मॅडमनी यांनाच बोलावलं.

मी काठावर उभी होते. लेकीने होडी वल्हवत मधोमध नेली. हे जाळं खांद्यावर घेऊन उभे राहिले, पूर्वीसारखेच, पाय फाकवून. पाण्याकडे बघितलं. मग तिच्याकडे वळले.

"इथे टाकू?"

"तुम्हाला वाटेल तिथे टाका, बाबा. नेहमीसारखं."

जन्मात जाळं कुठे टाकू हे या माणसाने कोणाला विचारलं नव्हतं. सासऱ्यांनाही नाही. होडी थोडी पुढे गेली.

"इथे चालेल? का तिकडे? तू सांग ना. माझ्या मनाने नको."

"बाबा, कुठेही."

हे जाळं धरून उभेच राहिले. लेकीने वल्ही सोडली आणि तोंड माझ्या बाजूला फिरवलं, त्यांना दिसू नये म्हणून. यांच्या हातून जाळं काही सुटेना. होडी वाऱ्यावर हळूहळू लव्हाळ्याकडे सरकत होती, तसे हे घाबरून म्हणाले, "तिकडे नको गं. तिकडे नको नेऊस मला."