रावजीचं औषध आणि माझा बर्फ

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. माझा निळा रंग जागोजागी उडाला आहे, एका कोपऱ्याला गंज चढला आहे, आणि हल्ली शेजारच्या कोंबड्या माझ्यावर बिनधास्त झोपा काढतात. पूर्वी ही हिंमत कोणाची झाली नसती. माशांच्या वासाने मांजरं दिवसभर माझ्याभोवती घिरट्या घालायची, पण माझं झाकण उघडणं एकालाही जमलं नाही.

माझा जन्म सोलापूर शहरातला. पत्र्याचं काम करणाऱ्या बंदेनवाजने मला घडवलं. बाहेर पत्रा, आत पत्रा आणि मधे थर्माकोलचा जाड थर. झाकण घट्ट बसलं तसा तो माझ्यावर थाप मारून रावजीला म्हणाला, "घेऊन जा. हिच्यात ठेवलेली चीज नासली, तर मला येऊन बोला." ते बोल मी जन्मभर जपले.

रावजी उजनी धरणाच्या काठावरचा मासेमार. होडीतून जाळं ओढायचं, चिलापी, रोहू, कटला माझ्यात भरायचे आणि मोटारसायकलला मला बांधून टेंभुर्णीचा बाजार गाठायचा, हा त्याचा रोजचा क्रम. बर्फ भरण्याचं काम मात्र त्याच्या बायकोचं, शिवबाईचं, आणि त्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. ती बर्फाची लादी फोडायची, एक थर बर्फाचा, एक थर माशांचा लावायची आणि वरून जाडं मीठ पेरायची. मीठ पडलं की बर्फ आणखी थंड होतो, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. भर दुपारी झाकण उघडलं तरी मासा लाकडासारखा कडक असायचा. गिऱ्हाईक खूश होऊन म्हणायचं, "रावजी, पेटी लई भारी हाय की तुझी!" मी मनातल्या मनात फुगायचे.

अशी अठरा वर्षं गेली. मग रावजीच्या पोटात कळा येऊ लागल्या. तपासण्या झाल्या, गाठ निघाली आणि सोलापूरच्या एका दवाखान्यात त्याचं स्वादुपिंड गाठीसकट काढून टाकलं. स्वादुपिंड काय असतं हे मला कुठून माहीत असणार? पण घरातल्या बोलण्यावरून कळलं, की अंगातली साखर आवरायचं काम तेच करतं. तेच गेल्यावर रावजीला मधुमेह झाला आणि इन्सुलिनची इंजेक्शनं जन्माची मागे लागली.

"गाठ गेली आन साखर आली," ओट्यावर बसता बसता रावजी म्हणाला. "एक पावना उठला न्हाय तंवर दुसरा बसला की." तो हसला. शिवबाईला हसू आलं नाही.

औषधाच्या बाटल्या थंड जागी ठेवा, असं दवाखान्यात सांगितलं होतं. घरात फ्रीज नव्हता. पण शिवबाई अडून बसणारी बाई नव्हे. "माज्या पेटीपरीस थंड जागा तालुक्यात दुसरी न्हाय," ती म्हणाली.

तिने मला तीन पाण्यांनी धुतलं. नवी लादी फोडली, बाटल्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या थरांमध्ये ठेवल्या आणि मीठ रोजच्यापेक्षा मूठभर जास्तच टाकलं. नवऱ्याचा जीव होता ना त्या बाटल्यांत! मीही सगळं बळ लावून थंडी धरून ठेवली. थोड्याच वेळात बाटल्यांतलं औषध दगडासारखं गोठलं, आणि मला वाटलं, वा, काम फत्ते झालं. आमच्या धंद्यात कडक म्हणजे ताजं.

सकाळ-संध्याकाळ शिवबाई बाटली काढून तळहातांमध्ये चोळायची. औषध पुन्हा पातळ व्हायचं, अगदी नितळ दिसायचं. मग ती रावजीला टोचायची. इन्सुलिन एकदा गोठलं की त्यातला गुण जातो आणि पुन्हा पातळ झालं तरी तो परत येत नाही, हे ना तिला ठाऊक होतं, ना मला.

तिसऱ्या दिवशी रावजी तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागला. पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि तो ओट्यावरच कोसळला. त्याला पुन्हा सोलापूरला नेलं. आठ दिवसांनी तो वाचून घरी आला, तेव्हा सदरा त्याच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता.

त्याच दिवशी शिवबाईने मला अंगणात ओढलं, उरलेलं पाणी ओतून दिलं आणि शेजारच्या निंगव्वापाशी तिला रडू फुटलं.

"नर्सबाईनं इचारलं, औषध कुटं ठेवता? म्या सांगितलं, बर्फात, मीठ घालून. तिनं कपाळालाच हात लावला. निंगव्वा, मीच मारत हुते गं त्यास्नी!"

"त्यांना ठाव हाय?"

"न्हाय. तवा शुद्धीत कुटं हुते."

"मग बोलूच नको. तुज्यावरला भरवसा उडाला, तर औषध कुनाच्या हातनं घेतील?"

निंगव्वाच्या मनात काही वाईट नव्हतं. शिवबाईने तिचं ऐकलं. नव्या बाटल्या तिने दवाखान्यात सांगितल्याप्रमाणे ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवल्या. पण रावजी आता दंड पुढे करायला तयार नव्हता.

"एक येळ चुकवली न्हाय म्या," तो म्हणाला. "तरी साखर सहाशे! ह्या औषधात दम न्हाय, शिवे. उगं टोचून घेऊन मरन लांबवायचं कशाला?"

"आवं, आता गुन येईल. माजं ऐका."

"आता कसा येईल? तवा का आला न्हाय?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. मी अंगणातून पाहत होते. तिने मान खाली घातली आणि मडक्यावर पाणी शिंपडत बसली. त्या दिवशी त्याने एकच इंजेक्शन घेतलं, दुसऱ्या दिवशी एकही नाही. तिने पाय धरले, जेवण टाकलं, देवाची शपथ घातली. फक्त खरं काय ते सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो अंगणात मला पाठ टेकून बसला. श्वास खोल आणि जोरजोरात चालला होता, डोळे मिटले होते, एक हात माझ्या झाकणावर होता. निंगव्वा जीप बोलवायला धावली. आणि तेव्हा शिवबाई बोलली.

"आवं, ऐकताय न्हवं? औषध चांगलं हुतं वो. म्याच ते बर्फात गोठवून नासवलं. औषधाचा दोष न्हाय, माजा हाय. डोळं उगडा. मला शिव्या द्या, पर औषध घ्या!"

रावजीचे डोळे मिटलेलेच राहिले. जीप आली आणि त्याला घेऊन गेली.

त्याला आज नऊ दिवस झाले. काल शिवबाई कपडे न्यायला एकटीच आली होती. "मशीनवर हायत," ती निंगव्वाला म्हणाली. "डॉक्टर म्हनले, लई आशा धरू नगा." मग ती माझ्यावर बसली. "म्या सांगितलं, ते त्यास्नी ऐकू गेलं असंल का गं?"

निंगव्वाने नुसता तिचा हात धरला. मलाही सांगता आलं नसतं. तिचं बोलणं संपलं तेव्हा त्याचा हात माझ्या झाकणावरून खाली घसरला होता, एवढं मला आठवतं. ऐकून घसरला की नुसताच, ते मला कळलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाला हे औषध लागत असेल, तर ते बर्फात ठेवू नका. आणि कधी चूक झालीच, तर ती ज्याला भोवली त्याला त्याच दिवशी सांगा. आलं ते आत ठेवायचं आणि वर घट्ट झाकण लावायचं, हे माझं काम आहे. मी पत्र्याची आहे, तुम्ही नाही.