मेंढीची पापणी

आठ दिवस मच्छिंद्रच्या पोटात नुसती आग होती, आणि त्या आगीचं नाव श्याम.

हडपसरच्या मांसाच्या कारखान्यात मेंढीच्या डोक्याला विजेचा चिमटा लावायचं काम मच्छिंद्रनं बारा वर्षं केलं होतं. चिमटा नीट लागला की मेंढी क्षणात बेशुद्ध पडते, सुरी फिरल्याचं तिला कळतही नाही. मांजरी गावचा हा गडी हाताचा पक्का होता. मग बिबवेवाडीहून तिशीतला श्याम आला, आयटीआय शिकलेला, आणि कारखान्याच्या पशुवैद्य डॉक्टर सुहासिनीबाईंनी चिमटा त्याला दिला. मच्छिंद्रला पुढं नेलं, तपासणीला. पडलेल्या मेंढीच्या डोळ्याला हलकेच बोट लावायचं. पापणी हलली तर थांबवायचं, नाही हलली तरच अमीनभाईंनी सुरी चालवायची.

"ही बढती आहे, मच्छिंद्र," बाई म्हणाल्या होत्या. कसली बढती! चिमटा ज्याच्या हातात, मान त्याचा. बोट लावणाऱ्याला कोण विचारतो? बाई श्यामचं कौतुक करू लागल्या की मच्छिंद्र भाकरी अर्धी टाकून उठे.

चिमट्याच्या टोकांचे स्पंज मिठाच्या पाण्यात भिजलेले लागतात, नाहीतर लोकरीतून वीज धड जात नाही. शुक्रवारी बाई पाहायला आल्या. श्याम त्यांना नमस्कार करायला वळला तेवढ्यात मच्छिंद्रनं दोन्ही स्पंज पिळून काढले. पडू दे पठ्ठ्याला एकदा तोंडावर.

श्यामनं चिमटा लावला. मेंढी ताठली, कोसळली. मच्छिंद्रनं बोट टेकवलं. पापणी मिटली, उघडली, आणि मेंढी त्याच्याकडेच बघू लागली. श्यामचा पडलेला चेहरा त्यानं आठ दिवस मनात रंगवला होता. त्या बेतात मेंढी त्यानं धरलीच नव्हती.

"थांबा, अमीनभाई! शुद्धीत हाय ती!"

त्यानं ओंजळीनं तिचं डोकं भिजवलं, स्पंज बुडवले, चिमटा हिसकावून स्वतः लावला. या वेळी पापणी हलली नाही. अमीनभाईंनी सुरी फिरवली.

"चूक माझी, दादा," श्याम मान खाली घालून म्हणाला. "स्पंज मी पाहायला हवे होते. तुम्ही होता म्हणून निभावलं."

"म्हणूनच मी मच्छिंद्रला तिथं उभं केलं," बाई म्हणाल्या. "हात कुणालाही शिकवता येतो. डोळा त्याच्यासारखा कुणाचा नाही. पण आजपासून चिमटाही त्याच्याचकडे."

आठ दिवस हवं होतं ते पदरात पडलं, आणि मच्छिंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, स्पंज मी पिळले. जळत हुतो त्याच्यावर. चिमटा त्यालाच ऱ्हाऊ द्या."

बाईंनी त्याच्या हातातून चिमटा काढून घेतला. "चिमटा त्याला देते," त्या म्हणाल्या. "पण 'नाही हलली' असं तू सांगितलंस, तर ते मी आता खरं कसं मानू?"

पुढची मेंढी पडली. सवयीनं मच्छिंद्रचं बोट पुढं झालं. तोवर बाई स्वतःच तिच्या डोळ्यावर वाकल्या होत्या.