आतली साल

कालोलाइने वन्सं एखाद्या वस्तूचं कौतुक करू लागल्या की ती वस्तू आमच्या घरातून गेली असं समजायचं. त्या मागत नाहीत. भावाच्या घरातलं जे आवडेल ते आत्याचं, हे आम्हा टोंगाच्या माणसांना कुणी शिकवावं लागत नाही. त्या नुसत्या म्हणतात, "छान आहे गं." माझी चर्चला न्यायची छत्री अशीच गेली. भात शिजवायचं यंत्र गेलं. एका नाताळात भाजायला आणलेलं डुक्कर अख्खं गेलं, आणि मग त्यांनीच त्यातली एक तंगडी आम्हाला पाठवली, ती मी आभार मानून घेतली. माझी तक्रार नाही. माझ्या भावाच्या घरी मीही आत्याच आहे, आणि तिथून आलेला फ्रीज अजून उत्तम चालतो.

पण तेलेसियाचं न्गातू, तिने रंगवलेलं सालीचं कापड, मी त्यांच्या नजरेला पडू दिलं नव्हतं.

तेलेसिया माझी थोरली. चित्रकलेची पदवी घेऊन कॉलेजातून बाहेर पडली तेव्हा परदेशातल्या आमच्या या मांगेरे उपनगरातले सगळे नातेवाईक जमले, तिच्या गळ्यात हार घातले, पोटभर जेवले, आणि हात पुसता पुसता विचारते झाले, "मग आता नोकरी कुठली?" तिच्या वर्गातली पोरं भराभर पांगली. एक फोनच्या दुकानात गेला, एक बँकेत, एकीने लग्न केलं आणि नवऱ्याचे फोटो काढू लागली. तेलेसियाने विमानतळाच्या स्वयंपाकघरात पहाटेची पाळी धरली. सकाळभर विमानातल्या जेवणाच्या थाळ्या भरायच्या, आणि दुपारी घरी येऊन गॅरेजमध्ये सालीचं कापड घेऊन बसायचं.

न्गातू हे एकटीने करायचं कामच नव्हे. झाडाची साल बडवून पातळ करायची, तिचे दोन थर खळीने एकमेकांवर चिकटवायचे, मग रंगवायचं. त्यासाठी आठ-दहा बायका लांब फळीभोवती बसतात, गाणी म्हणतात आणि त्या दिवशी न आलेल्या बाईची उणीदुणी काढतात. माझी पोरगी एकटी बसायची. एका टोकाला खळ लावून धावत दुसऱ्या टोकाला जायची. मी मदतीला गेले की म्हणायची, "आई, तू तिरकं लावतेस." मी लावते तिरकं. मला गाणीच बरी जमायची.

दोन वर्षांत एकच पूर्ण झालं. गॅरेजच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत लांब, काळंभोर, आणि त्या काळ्यात तपकिरी खुणांच्या वाटा. पुलापलीकडच्या खाडीत ओहोटी लागली की चिखलात पक्ष्यांच्या पायांचे ठसे उमटतात, तशा. मला आधी कोंबड्या वाटल्या. पण एकदा संध्याकाळी दिवा लावून मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मला उगाच पायाला ओल लागल्यासारखं वाटलं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

माझा नवरा हेनेली कमी बोलतो, पण बोलला की मोजून बोलतो. तो म्हणाला होता, "शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात तुझं काम घेतलं, तर गॅरेज तुझं. नाही घेतलं तर गॅरेजमध्ये गाडी, आणि तू नर्सिंगला." तेलेसियाने मान्य केलं. गॅलरीची बाई येऊन पाहून गेली, हो म्हणाली. शुक्रवारी गाडी येऊन कापड नेणार असं ठरलं.

आणि त्याच आठवड्यात मंगळवारी हेनेलीचे थोरले भाऊ सेमिसी गेले.

आमच्याकडे भावाच्या मर्तिकात सगळ्यात वरचा मान थोरल्या बहिणीचा. ती शवाच्या उशाशी बसते, आणि घराघरांतून आलेल्या चटया, न्गातू सगळं तिच्यासमोर येतं, वाटायचं तेही तीच वाटते. म्हणजे आम्ही काय आणायचं ते कालोलाइने वन्सं ठरवणार, ते आम्ही वाहून नेणार, आणि शेवटी ते त्यांच्याकडेच पोचणार. हिशेबाची इतकी सोय मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

गुरुवारी दुपारी त्यांची गाडी दारात लागली. बहिणीचा आवाज ऐकताच हेनेली मागच्या दाराने बाहेर पडला. मोठे झालेले बहीण-भाऊ आमच्यात एका खोलीत बसत नाहीत. तो मोठी कात्री घेऊन खिडकीखालचं झुडूप कापू लागला. ते झुडूप त्याने शनिवारीच कापलं होतं.

"सेइनी, गादी उचल," वन्सं टेकताच म्हणाल्या.

आमची सगळी संपत्ती गादीखाली घडी घालून ठेवलेली असते. मी एकेक काढू लागले. बरोबर आलेली त्यांची मुलगी फुसी फोनमध्ये बघत पसरायला मदत करत होती, म्हणजे करत नव्हती.

"हे मीच दिलेलं," वन्सं म्हणाल्या. "मला परत देतेस? पुढचं."

"हे वन्सं, माझ्या बहिणीकडचं—"

"वाळवी लागलेली दिसते तुझ्या बहिणीला. पुढचं."

"हे चांगलं आहे."

त्यांनी कोपरा चिमटीत धरला आणि कापडाऐवजी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आत काय आहे?"

इथे परदेशात साल मिळत नाही. म्हणून पुष्कळ बायका वरचा थर सालीचा करतात आणि आत शिवणाच्या दुकानातलं पांढरं अस्तर घालतात. सगळ्यांना ठाऊक असतं. वाढदिवसाला चालतं. सख्ख्या भावाच्या मर्तिकात तसलं अंथरलं, तर लोक वर्षभर जेवणाबरोबर ते चघळतात. पूर्वी वन्सं नुसत्या चिमटीत धरून आतलं सांगायच्या. त्यांच्या बोटांना अख्खं चर्च घाबरायचं. आता मात्र साखरेच्या आजाराने बोटं बधिर झाली होती. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. पण चहाचा कढत कप त्या हल्ली जरा जास्तच वेळ हातात धरतात, हे मी कधीच हेरून ठेवलं होतं.

"अस्तर आहे," मी म्हणाले. यावेळी ते खरं होतं.

"वाटलंच मला." त्यांनी कोपरा सोडला. "गॅरेजमधलं दाखव."

"गॅरेजमध्ये काय असणार? रंगाचे डबे—"

"चर्चमधल्या बायका म्हणतात, काहीतरी मोठं काळं आहे. काळं मोठ्या माणसाच्या मरणाला असतं. माझा भाऊ काय लहान होता?"

गॅरेजमध्ये तेलेसिया नुकतीच पाळीवरून येऊन बसली होती, डोक्यावरची जाळीसुद्धा काढली नव्हती. न्गातू गुंडाळून चादरीत बांधलेलं, वर गॅलरीचा पत्ता. आत्याला पाहून ती उठून उभी राहिली आणि गुंडाळीच्या पुढे सरकली. फार नाही, एक पाऊल. वन्संनी ते पाहिलं.

"उघड."

"आत्या, हे उद्या जायचंय."

"मीही उद्या-परवा जायचीच आहे. उघड."

तिने गाठ सोडली. कापड दारापर्यंत पसरत गेलं. फुसीने फोन खाली केला. बाहेर कात्रीचा आवाज थांबला. वन्संनी हात मागे बांधले आणि काठाकाठाने शेवटपर्यंत चालत गेल्या, परत आल्या. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, कोंबड्या म्हणू दे, कोंबड्या म्हणू दे.

"छान आहे गं," त्या म्हणाल्या.

मी तेलेसियाकडे पाहिलं नाही. सरळ म्हणाले, "वन्सं, आत अस्तर आहे."

"काय?"

"साल पुरली नाही तिला. वरून दिसतं, पण आत दुकानातलं आहे. परवा पाद्र्यासमोर अंथराल आणि कुणीतरी कोपरा उचलून बघेल. तुमचं नाव जाईल म्हणून सांगते."

त्या वाकल्या. त्यांनी कापड चिमटीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. बोटं काही सांगेनात. मला वाईट वाटायला हवं होतं. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"दोन वर्षं," त्या तेलेसियाला म्हणाल्या, "दोन वर्षं बापाची गाडी पावसात उभी केलीस, ती अस्तर रंगवायला? कॉलेजात हेच शिकवतात?"

फुसी हसली. मी तेलेसियाकडे पाहून एकदाच डोळे मोठे केले. गप्प राहा. नुसती गप्प राहा, उद्या सकाळी गाडी येईल, आणि गॅरेज तुझं.

"तरी मी तुझ्या बापाला निरोप धाडला होता," वन्सं सरळ होत म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजातला राग गेला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "पोरीला हात आहे, पण मन लावून काम करणारी नाही. असू दे. छंद म्हणून ठीक आहे. गुंडाळून ठेव बाई तुझं."

त्या दाराकडे वळल्या. मी कापड गुंडाळायला वाकले.

"आतही साल आहे," तेलेसिया म्हणाली.

"तेलेसिया!"

"आतही साल आहे, आत्या. एक टाचणीएवढं अस्तर नाही त्यात."

ती खाली बसली. तिने काठ उलटा केला, नखाने खळीचा सांधा मोकळा केला आणि दोन थर ओढून वेगळे केले. तो फाटण्याचा आवाज माझ्या दातांत शिरला. आतला थर वर आला, फिका, खरबरीत, शिरा असलेला. टोंगातल्या वावाऊ बेटाहून माझ्या बहिणीने सामानातून पाठवलेली साल. आंधळ्यानेही ओळखली असती.

वन्संनी वाकून तो फाटलेला कोपरा पाहिला.

"फुसी, गुंडाळ," त्या म्हणाल्या. "नीट. आणि तो कोपरा आत घाल."

जाताना माझ्याजवळ थांबल्या. "सेइनी, कापडात नाही, पण या घरात अस्तर आहे खरं."

गाडी गेल्यावर मी पोरीवर तुटून पडले. "का बोललीस? मी सगळं जमवून आणलं होतं!"

"आत्या म्हणाल्या, मी मन लावून केलं नाही."

"म्हणू दे ना! चार शब्दांनी काय फाटतं? उद्या गॅलरीच्या भिंतीवर असतं ते!"

"आणि मी रोज त्याच्यासमोर उभी राहून ऐकलं असतं, आत अस्तर आहे, आत अस्तर आहे." तिने जाळी ओढून काढली. "तुझ्या तोंडून, आई."

मी स्वयंपाकघरात गेले.

शुक्रवारी गॅलरीची गाडी आली आणि रिकामी गेली. त्या बाईने फोनवर पुष्कळ वेळ समजून घेतलं. समजलं असं म्हणाली. दुसऱ्या कुणाचं तरी काम त्या भिंतीवर लागेल असंही म्हणाली. संध्याकाळी हेनेलीने जेवताना ताटाकडे बघत विचारलं, "सोमवारी गाडी आत घेऊ ना?"

"घ्या, बाबा," तेलेसिया म्हणाली. ती तेवढ्यावरच उठली आणि ब्रश धुऊन खोक्यात भरू लागली. एकेक ब्रश. मला वाटलं होतं ती रडेल, भांडेल. ती सगळं जागच्या जागी लावत होती. मला त्याचीच धास्ती वाटली.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मी आणि तेलेसिया मागच्या स्वयंपाकघरात. मृताच्या भावाची बायको आणि मुलगी, म्हणजे मानाने सगळ्यात खाली. कंबरेला छातीपर्यंत येणाऱ्या जुन्या फाटक्या चटया गुंडाळायच्या आणि राबायचं. अळूच्या पानात नारळाचं दूध आणि मांस बांधून बांधून माझी बोटं हिरवी झाली. दाराच्या फटीतून हॉल दिसत होता. बायकांनी ते काळं कापड उलगडत नेलं, आणि एरवी मर्तिकातसुद्धा कुजबुजणाऱ्या बायका गप्प झाल्या. पाद्र्याच्या बायकोने वाकून कोपरा पाहिलाच. मी म्हटलं होतं.

मग वाटप. ह्या बाबतीत माझं लक्ष कुणी चुकवू शकत नाही. वन्संनी चटया दिल्या, जुनी न्गातू दिली, पाद्र्याला दोन मोठी दिली. गेल्या तीस वर्षांत, कुणाच्याही मर्तिकात, आलेलं काही त्यांनी स्वतःकडे ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. घेतात तसं देऊन टाकतात, त्यातच त्यांचा मोठेपणा. हॉल रिकामा होत आला. काळं कापड त्यांच्या मागे, गुंडाळलेलं, तसंच होतं.

दुपार कलली तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. तिथे त्या कधी येत नाहीत. भांडी घासणाऱ्या बायका भिंतीला चिकटल्या. मी कप भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला.

"सेइनी, तुझ्या नवऱ्याला सांग," त्या म्हणाल्या. हेनेली मागच्या अंगणात दहा हातांवर भट्टीचे दगड काढत होता, आमच्याकडे पाठ करून. "त्या गॅरेजमध्ये गाडी ठेवायची नाही. माझ्या वेळेला मला असलंच न्गातू लागेल. याच्या दुप्पट. ते काय रस्त्यावर बसून करणार आहे पोरगी?"

"सांगते, वन्सं," मी म्हणाले. अंगणात फावडं क्षणभर थांबलं, पाठ वाकलेलीच होती, आणि मान एकदा खाली गेली. थोरल्या बहिणीचा शब्द. आता गाडी गंजून गेली तरी ती आत जाणार नव्हती.

"आणि आत साल," त्या तेलेसियाला म्हणाल्या. "सगळीकडे."

तेलेसियाच्या हातात अळूच्या पुड्यांचं मोठं ताट होतं. ती म्हणाली, "मी ते पक्षी पुन्हा काढणार नाही."

कुणीतरी नळ बंद केला.

"काय काढायचं ते मी ठरवणार, आत्या. तुमचं असलं तरी."

आत्याशी असं कुणी बोलत नाही. मी ताट तिच्या हातातून घ्यायला पुढे झाले, म्हणजे निदान ते तरी पडायला नको. वन्सं कढत कप हातात धरून उभ्याच होत्या.

"ठरव की," त्या म्हणाल्या. "मी काय तेव्हा बघायला असणार आहे?"

"मग दुप्पट नाही जमणार. साल मिळत नाही. दीडपट."

"दुप्पट," वन्सं म्हणाल्या आणि कप माझ्या हातात दिला. "आणि घाई करू नकोस. मी काही एवढ्यात जात नाही."