आबासाहेबांचं प्रस्थान

आबासाहेब प्रवासाला निघाले की आमच्या गावाला बुंदी मिळायची. दसऱ्यापासून ते तीन-चारदा तरी निघाले होते, आणि गावाबाहेर एकदाही गेले नव्हते. बुंदी मात्र दर वेळी ताजी असायची, म्हणून आम्ही कुणी तक्रार केली नाही.

हे कसं, ते सांगतो. मुहूर्त तर गाठायचा आहे, पण पाय घरातून निघत नाही, अशा माणसासाठी आपल्याकडे प्रस्थान ठेवायची सोय आहे. मुहूर्ताच्या वेळी आपलं एखादं वस्त्र, त्यात सुपारी नि तांदूळ बांधून, जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. तेवढ्यानं माणूस निघाला असं धरतात. मग खुशाल घरी जेवावं, झोपावं, आणि सवडीनं ते गाठोडं उचलून वाटेला लागावं. एक मात्र पक्कं, ठेवलेलं प्रस्थान घरी परत आणायचं नाही. तो मोठा अपशकुन. आबासाहेब पूर्वेच्या तानुबाईकडे आपला शेला ठेवत, घरी येऊन जेवत, आणि पुढं काहीच करत नसत. त्यामुळे तानुबाईच्या फळीवर त्यांचे शेले साठले होते. त्यातला एक पांघरून तिचा नवरा गावभर मिरवत होता.

जायचं होतं ते लेकीकडे. कमलबाई त्यांची एकुलती एक. जावई दिनकरराव तिकडं खाली, निजाम सरकारच्या नव्या कालव्यावर दारोगा. लग्नात पंगतीला तूप जरा जास्त झालं असावं, आबासाहेब मिशीवर हात फिरवून व्याह्यांना म्हणाले होते, "पहिल्या नातवाचा पाळणा मी सोता नावंनं आणणार. पूर्णेतून गंगंत, गंगंतून मांजरंत, आन् तितून तुमच्या कालव्यात! घाटावर वाजंत्री तयार ठिवा." गंगा म्हणजे आमची गोदावरी. चुडाव्याच्या स्टेशनात गाडीत बसले असते तर ते नि पाळणा दोघंही मुकाट पोचले असते. पण भर मांडवात बोलून बसलेला माणूस रेल्वेनं कसा जाणार?

नातू झाला. पितळी कड्यांचा सागवानी पाळणा तयार झाला. मुंजाजी नावाड्यानं नाव डागडुजी करून घाटाला आणून बांधली. आणि तेव्हापासून आबासाहेबांना कधी वारा उलटा दिसे, कधी आभाळ, कधी मांजर. खरी गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. आबासाहेब पाण्याला भीत. पोळ्याला बैल धुवायचे तरी ते काठावरून नुसते हुकूम सोडत. पण तसं कबूल करायचं म्हणजे मिशी उतरवण्यासारखंच होतं.

यात हाल झाले ते धुरपताबाईंचे, म्हणजे आबासाहेबांच्या पत्नीचे. त्यांनी अजून नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं. तिकडून येणारं-जाणारं कुणी सांगायचं, बाळ कुशीवर वळलं, बाळ बसायला लागलं. त्या ऐकून हसायच्या आणि आत जाऊन पाळणा पुसायच्या. पोर तिकडं लुगड्याच्या झोळीत झोपत होतं आणि इथं पाळण्यात धूळ झोपत होती. मग एक दिवस कळलं, बाळ रांगायला लागलं. त्या दिवशी धुरपताबाई हसल्या नाहीत. आणखी थोडे दिवस, की पोर कठडा धरून उभं राहणार. मग तो पाळणा काय शेंगा भरायला वापरायचा?

पुढचा मुहूर्त निघाला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अवो, या बारीला परस्तान नावंतच ठिवा की. पाळण्यासंगट. तानुबाईच्या घरी आता जागा न्हाई."

आबासाहेबांना ही कल्पना फारच आवडली. नाव घाटाला बांधलेली, दोर भक्कम, फेटा नावेत आणि आपण ताटावर. त्यांनी व्याह्यांसमोर घालायचा खास जरीचा फेटा काढला.

सकाळीच सगळं गाव घाटावर जमलं. चौघांनी पाळणा उचलून नावेत ठेवला. आबासाहेबांनी काठावरूनच फेट्याचं गाठोडं मुंजाजीच्या हाती दिलं, त्यानं ते पाळण्यात ठेवलं. नारळ फुटला, बुंदीची परात उघडली.

"चला, निघालो बगा आमी!" असं म्हणून आबासाहेब जेवायला घराकडं वळले. चार पावलं गेल्यावर पाठीमागं बाईमाणसाची चाहूल लागेना, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. धुरपताबाई नावेत होत्या. पाळण्याशेजारी चांगली मांडी घालून बसल्या होत्या.

"हे काय गं?"

"परस्तान."

"परस्तान ठिवलं की! फेटा हाय न्हवं का त्यात?"

"ते तुमचं. माझं कुटं ठिवलं? मी मलाच ठिवलंय."

घाट हसला. आबासाहेब लाल झाले. "उतर खाली. घरी चल."

"आता कसं येऊ? ठिवलेलं परस्तान घरी परत न्यायचं नसतंय. तुमीच सांगता ना समद्या गावाला?"

आबासाहेबांनी आधारासाठी तानुबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, "बराबर हाय त्यांचं. माझ्याकडं तुमचे इतके शेले आले, एक तरी माघारी गेला का?"

"मालक, दोर सोडू का?" मुंजाजीनं विचारलं.

"थांब!" आबासाहेब घाईनं पायऱ्या उतरून पाण्याच्या कडेला आले, आणि तिथंच खिळले. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "अगं, मला पाण्याची..." पुढचा शब्द त्यांच्या तोंडून जन्मात निघाला नव्हता, तो आत्ताही निघाला नाही.

"ठाव हाय मला. लगीन झाल्यापासून ठाव हाय."

"आन् तरी बसलीस?"

"मग काय करू? मला बी भ्या वाटायलंय. मी तरी कवा बसले हुते नावंत? तुमी इचारलंच न्हाई."

तेव्हा आबासाहेबांनी धुरपताबाईंच्या हातांकडं पाहिलं. त्यांनी पाळण्याचा कठडा दोन्ही हातांनी गच्च धरला होता. आबासाहेबांना लाज वाटली. इतके महिने त्यांनी भीती एकट्याच्या मालकीची समजून जपली होती.

त्यांनी धोतर वर धरलं, एक हात मुंजाजीच्या मानेभोवती टाकला, त्याचा जीव घुसमटवत नावेत चढले आणि पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला मटकन बसले. डोळे घट्ट मिटून त्यांनीही कठडा धरला. मुंजाजीनं दोर सोडला.

नाव हलली, तशी फेट्याचं गाठोडं पाळण्यात डुलायला लागलं.

"डोळे उघडा," धुरपताबाईंचा आवाज आम्हाला काठावर ऐकू आला. "उद्या नातवाला काय सांगणार, नदी कशी हुती म्हून?"

मग पाण्यावरून आबासाहेबांचा बारीक आवाज आला, "लय मोठी हाय गं."

आम्ही हसलो नाही. नाव वळणाआड जाईपर्यंत घाटावर उभे होतो. दोघांचे हात पाळण्यावरच होते. नाव दिसेनाशी झाल्यावर कुणाला तरी आठवण झाली, परात भरलेलीच होती. त्या दिवशी पहिल्यांदा गावात बुंदी उरली.