सपातांचा नियम

उद्घाटनाचा दिवस उजाडला आणि व्लास्ताचा जीव थाऱ्यावर राहिना. कोशित्से शहराहून ती भल्या सकाळीच येऊन धडकली होती. नव्या वाचनालयाचा आराखडा तिचा. भिंती काचेच्या, जमीन फिकट लाकडाची आणि ओढ्यापलीकडच्या, गावानं कायम दूर ठेवलेल्या रोमा जमातीच्या वस्तीकडे मुद्दाम ठेवलेलं रुंद दार. सगळं पुन्हा पुन्हा फिरून पाहिलं, तरी पाय एका जागी ठरत नव्हते.

त्याच दाराशी ग्रंथपाल बोझेनाबाईंनी पाटी लावली होती: सपाता नसतील त्यांना प्रवेश नाही. गावाला त्यात नवल वाटलं नाही. घरात काय, शाळेत काय, बूट काढून सपाता घालायच्या हा इथला रिवाजच. ज्याच्या त्याच्या पिशवीत जोडी होती.

तेवढ्यात ओढ्याकडून गिझेला आली, शाळकरी सिदोनियाचं बोट धरून. वस्तीत धड रस्ता नाही. मायलेकींनी चिखलाचे बूट बाहेर काढले आणि मोज्यांवर उभ्या राहिल्या.

"सपाता कुठायत?" बोझेनाबाईंनी विचारलं.

"न्हाईत बाई. मोजे धुतल्यालं हायेत, बघा की."

"नियम म्हणजे नियम. सगळ्यांना सारखा."

इतक्यात नगराध्यक्ष बुटांसकट आत शिरले. बोझेनाबाई हसून बाजूला सरल्या.

"त्यांचे बूट आभाळातनं चालत आले वाटतं!" गिझेला म्हणाली आणि लेकीला ओढत माघारी फिरली. पोरगी वळून वळून बघत होती.

व्लास्ताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोझेनाबाई, काढा ती पाटी."

"जमीन खराब होईल, तुमचीच ना ती?"

"पुसता येते म्हणून तर निवडली!"

"वस्ती आत आली की गावातलं कुणी फिरकणार नाही. तुम्ही आज जाल, मला इथं राहायचंय."

म्हणजे सपाता नुसतं निमित्त! शिवी नाही, धक्काबुक्की नाही, अख्खी वस्ती बाहेर ठेवायची ही सभ्य रीत. व्लास्ताला शरम वाटली.

आत सत्कारासाठी तिचं नाव पुकारलं जात होतं. ती ओढा ओलांडून गिझेलाच्या दारात गेली. "सिदोनियाला मी नेते."

"आज तुमच्या हाताला धरून येईल हो. उद्या एकटी आली तर?"

व्लास्ता एकटीच परतली आणि चिखलाच्या बुटांनीच मंचावर चढली.

"सत्कार नको. ही पाटी निघेपर्यंत मी रोज त्या दारात बसणार. पोरांना अडवायचं तर आधी मला अडवा."

टाळ्या वाजल्या नाहीत. पुढच्या रांगेतली माणसं मान खाली घालून आपापल्या सपातांकडे बघत बसली.